पिकअप घेताय? आधी गायमुख खिंड चढवा

जुनी पिकअप विकणारा माणूस ती सपाटीवर दाखवतो. हायवेच्या कडेला एक चक्कर मारायची, टेप लावायचा, नवे सीट कव्हर दाखवायचे आणि इसाराचं बोलायचं. आपल्याला मात्र ती गाडी भाज्याच्या चढाने, गायमुख खिंडीतून लोहगडवाडीला आणायची आहे, तीही भर पावसात आणि माल भरून. म्हणून सौदा तळेगावात होवो नाहीतर चाकणला, खिंड चढवून बघितल्याशिवाय इसार देऊ नका. रिकामी चढवू नका. हौद्यात भाताची पोती टाका, सिमेंट टाका, रोज जेवढं वाहायचंय तेवढं वजन घाला. मालक वजन टाकू देत नसेल, तर तिथूनच माघारी या.

हे आत्ता लिहायचं कारण आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला लोहगड आहे. गडाखाली हॉटेल टाकणारी, घरी पाहुणे उतरवणारी, दूध-भाजी वाहणारी पोरं आता गाडी शोधताहेत. नवीचा हप्ता झेपत नाही, म्हणून जुनी. त्यात कमीपणा काहीच नाही. जुना छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअप नीट पारखून घेतली तर घर उभं करते. पण घाईत घेतलेल्या गाडीपायी जमिनीचा तुकडा विकायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, की मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, थंड इंजिन उचलत नाही ही गोष्ट झाकायची होती. सुरू झाल्यावर निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा; तिथून भकाभका वाफ आली तर इंजिनचं काम जवळ आलंय. चढाला इंजिन ओरडतंय आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही, तर क्लचप्लेट गेली. उतरताना ब्रेक कुठल्या बाजूला ओढतो ते बघा. त्यावर जीव अवलंबून आहे.

मग गाडीखाली झोपा. कपडे मळू द्या. चासीच्या दोन्ही पट्ट्यांवर कुठे वेल्डिंग आहे का, पाट्यांची पानं तुटलीत का, ताजा काळा रंग मारून गंज झाकलाय का, हे बॅटरी लावून बघा. इंजिन दुरुस्त होतं. तडकलेल्या चासीवर मात्र माझा विश्वास नाही, कितीही स्वस्त मिळो. पुराच्या गाड्यांचंही भान ठेवा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. असं पाणी प्यालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकायला निघू शकतात. सीटखालचा गाळ, फ्यूज बॉक्समधला गंज आणि मॅटिंगचा कुबट वास लपवणं अवघड असतं. २०२० च्या एप्रिलनंतरची बीएस-६ गाडी असेल तर स्कॅनर लावणारा मिस्त्री सोबत न्या.

आता कागद. इथेच माणसं जास्त फसतात. मीही फसलो. माझ्या पहिल्या गाडीच्या आरसीवर फायनान्सचा बोजा होता. विकणारा म्हणाला, हप्ते फिटलेत, एनओसी आठवड्यात देतो. टीटी फॉर्मवर सह्या झाल्या, मी पूर्ण पैसे मोजले. आठव्या महिन्यात वसुलीची माणसं दारातून गाडी घेऊन गेली आणि मी आईला काय सांगावं ते मला कळेना.

म्हणून हात जोडून सांगतो, एम-परिवहनवर नंबर टाकून बोजा, पासिंग, विमा आणि टॅक्सची तारीख स्वतः बघा. चलनं थकलीत का तेही बघा. चासीवरचा नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार करू नका. मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी पासिंग लागतं, त्यानंतर दरवर्षी. संपलेलं पासिंग, टॅक्स, विमा, टायर आणि बॅटरी यांचा खर्च कागदावर मांडा आणि तो किमतीतून वजा करून मगच आकडा बोला. समजा साडेतीन लाख सांगितले आणि हा खर्च साठ हजार निघाला, तर बोली दोन नव्वदच्या खालून सुरू करा. लाजू नका.

नाव चढेपर्यंत ठरलेल्या पैशांतला मोठा भाग हातात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात सांगितलं, की अपघाताच्या भरपाईला आरसीवर ज्याचं नाव आहे तोच जबाबदार. गाडी चार हात पुढे गेली असली तरी. आणि विमा नव्या नावावर करून घ्या. एकवीरेच्या यात्रेला हौद्यात माणसं भरू नका. ती गाडी मालाची आहे, अपघात झाला तर त्या माणसांची भरपाई तुमच्याच अंगावर येऊ शकते.

कुणी गाडी बघायला निघणार असेल तर मला हाक मारा, मी सोबत येईन. वजनाला पोती कमी पडली तर माझ्या पडवीतली घेऊन चला.