चित्रातला आकडा

परिचयातील एका व्यापारी कुटुंबात वडिलोपार्जित पेढीचा हिशेब दोघा भावांमध्ये मिटत होता. जुनी खतावणी थोरल्यांकडे गावी, धाकटे पुण्यात. थोरल्यांनी हव्या त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठविला. छापून घेतल्यावर नेमक्या वादाच्या रकमेतील आकडा एक आहे की नऊ, हे वाचता येईना. "दादांनी मुद्दामच असा पाठविला," असे धाकट्यांच्या तोंडून निघून गेले आणि हिशेबाचा प्रश्न मनाचा झाला.

दोष दादांचा नव्हता, चित्राच्या प्रकाराचा होता. फोटो काय किंवा स्कॅन काय, दोन्ही ठिपक्यांचे जाळे असते. ए-फोर आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केले, तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. हा भार हलका करण्यासाठी जेपीईजी प्रकारात डोळ्यांना सहसा न जाणवणारा बारीक तपशील गाळला जातो. लग्नाच्या छायाचित्रात हे खपून जाते. आकड्यांच्या कडा मात्र धूसर होतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठविताना चित्र सहसा आणखी आखडले जाते. पीएनजी प्रकारात असे काही गाळले जात नाही; स्क्रीनवरील पावतीसाठी तोच योग्य.

पेढीचे बोधचिन्ह मात्र ठिपक्यांत ठेवू नये. एसव्हीजीसारख्या व्हेक्टर प्रकारात ठिपक्यांऐवजी रेषा आणि वक्र यांचे गणित साठविलेले असते. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावरचे चिन्ह दुकानाच्या पाटीएवढे केले तरी फाटत नाही. पीडीएफ हा तर केवळ लिफाफा आहे. संगणकावर तयार केलेल्या बिलाच्या पीडीएफमध्ये खरी अक्षरे असतात, ती शोधता येतात. स्कॅनच्या पीडीएफमध्ये बहुधा नुसते चित्र असते.

बँकेने हा भेद फार आधी ओळखला. चेक ट्रंकेशन प्रणाली २००८ मध्ये दिल्ली परिसरात सुरू झाली. या प्रणालीत धनादेशाचा कागद समाशोधनासाठी प्रवास करीत नाही, त्याची चित्रे करतात. दर्शनी बाजूची एक करड्या छटांची व एक निव्वळ काळी-पांढरी, आणि मागील बाजूची एक काळी-पांढरी, अशी तीन. करड्या चित्रात सहीच्या छटा राहतात. काळ्या-पांढऱ्यात थोड्या जागेत अक्षर ठसठशीत उमटते. मात्र तेथे मधली छटाच नसते. फिकट शाईचे अक्षर सरळ पांढरे होऊन नाहीसे होऊ शकते. म्हणूनच गडद शाई वापरावी आणि शिक्का रकमेवर वा सहीवर मारू नये, असे ग्राहकांना सांगितले जाते.

अंधुक चित्र निदान आपली लबाडी लपवीत नाही. खरा धोका स्वच्छ चित्राचा. २०१३ मध्ये जर्मनीतील संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझल यांच्या लक्षात आले की, झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात वेगवेगळ्या खोल्यांचे क्षेत्रफळ एकच छापले गेले आहे. जागा वाचविण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच ठसा सर्वत्र वापरीत होते. त्यात सहाच्या जागी आठ असेही होत होते. अक्षर सुबक, पण आकडा खोटा! कंपनीला पुढे सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावे लागले.

तेव्हा वाचकहो, हिशेबाचे पान किमान ३०० ठिपक्यांवर स्कॅन करावे. पाठविताना 'फोटो' नव्हे, 'डॉक्युमेंट' हा पर्याय निवडावा. स्कॅनमधील रकमांची बेरीज मुळाशी ताडून पाहावी. आणि मूळ कागद जपून ठेवावा. चित्र ही सोय आहे, पुरावा कागदाचा.

त्या बंधूंनी अखेर हेच केले. नव्या स्कॅनमध्ये आकडा स्पष्ट दिसला: नऊ. रक्कम धाकट्यांच्या बाजूचीच निघाली. दादांनी ती त्याच दिवशी मान्य केली. धाकट्यांना मात्र ते एक वाक्य परत घ्यायला गावी जावे लागले.