मोरीतला वाळा

पहिला जोराचा पाऊस झाला की मोरीच्या जाळीतून एक काळपट, चकचकीत जीव वळवळत वर येतो आणि घरात ओरडा होतो. कुणी त्याला गांडूळ म्हणतं, कुणी नागाचं पिल्लू. मग झाडू, नाही तर फिनेल. मरतो तो वाळा. पिल्लू नव्हे, बहुधा पूर्ण वाढलेला, वीतभरसुद्धा नसलेला बिनविषारी साप.

मारण्याआधी जरा वाकून पाहायला हवं. गांडुळाची वळी याच्या अंगावर नाहीत. कोरडे, तुकतुकीत खवले आहेत, पाठीपासून पोटापर्यंत एकाच मापाचे. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे ठिपके, उजेड-अंधार कळण्यापुरते. इवलीशी जीभ मात्र सारखी आतबाहेर होत असते. शेपूट डोक्याइतकंच बोथट, टोकाला बारीक काटा. मातीत पुढे सरकताना तो टेकू देतो. वाळा मुठीत धरला की तोच काटा हाताला लागतो आणि माणूस ‘चावला, चावला’ म्हणून त्याला भिरकावतो. खरं तर माणसाला चावण्याजोगं तोंडच त्याला नाही. झोपलेल्याच्या कानात शिरतो, हाही धास्तीपोटी पसरलेला समज. कागदावर घेऊन ओल्या मातीत सोडला की काम झालं.

त्याचं खरं जग वारुळात. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या, कोष हे त्याचं अन्न. दात फक्त वरच्या जबड्यात. तो भराभर पुढेमागे हलवत वाळा भक्ष्य आत ओढतो. साप घास अख्खा गिळतात, असं आपण शिकलेलो असतो. जपानमधल्या संशोधकांना मात्र हा वाळवीचं डोकं तोडून उरलेलं धड गिळताना आढळला.

त्याहून थक्क करणारी गोष्ट त्याच्या वंशाची. ही जात फक्त माद्यांची. नराशिवाय अंडी घालायची आणि त्यातून पुन्हा माद्याच निघायच्या, असा नेम असलेली सापांची दुसरी जात ज्ञात नाही. गुणसूत्रांचे संचही नेहमीचे दोन नव्हे, तीन.

पॅट्रिक रसेल यांनी 1796 च्या ग्रंथात विशाखापट्टणमकडच्या या सापाचं चित्र दिलं. 1803 मध्ये फ्रेंच निसर्गतज्ज्ञ दोदाँ यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. तेव्हा तो इथलाच मानला जाई. पुढे रोपांच्या कुंड्या जहाजांवर चढल्या आणि त्यांतल्या मातीबरोबर वाळाही निघाला. नव्या मुलखात वस्ती करायला जोडीदार लागतच नाही. कुंडीत एक मादी असली तरी पुरते. आज अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर तो आहे. हवाई बेटांवर तर जमिनीवर राहणारा मूळचा साप एकही नाही. तिथे कायमचं बस्तान बसवलेला एकमेव साप म्हणजे हा वाळा.