वल्द, जौजे, बेवा

गेल्या वर्षी जातपडताळणीच्या निमित्ताने बाबांनी आणि मी आमच्या घराण्याचा शोध घेतला. शोध हा शब्द मोठा वाटेल. पण कचेरीच्या पायऱ्या आम्ही इतक्या वेळा चढलो की, त्याला दुसरे नाव सुचत नाही. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. माझ्या दाखल्यावर आडनाव अनसिंगकर, आजोबांच्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरात अनसिंगकर. पण आजोबांच्या सख्ख्या थोरल्या भावाचे सारे घर मात्र गावंडे! "हे दोघे भाऊ कशावरून?" असे कारकुनाने विचारले. प्रश्न चुकीचा नव्हता, आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर होते ते रिसोडला, आजोबांच्या धाकट्या बहिणीजवळ. आत्याआजीने पान लावता लावता सांगितले, "मास्तरनं इचारलं, कुठचा रे तू? दादा म्हने, अनसिंगचा. झालं, मास्तरनं लिवून टाकलं!" थोरला भाऊ शाळेत गेलाच नाही, म्हणून तो गावंडे राहिला.

मित्रहो, अशी आडनावे घडण्यात नवल काहीच नाही. डॉ. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ. गाव आंबडवे म्हणून शाळेत आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर. नाना फडणीस मूळचे भानू, पेशवे मूळचे भट. आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक हे मूळचे राठोड. आजोबा तांड्याचे नाईक, म्हणून हुद्दाच आडनाव झाला. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवरचे जे राठोड, तेच गोत तेलंगणात भुक्या म्हणून नांदते. पोहरादेवीला हे दोघे भेटले, तर आडनाव विचारून एकमेकांना ओळखणार नाहीत, गोत विचारून ओळखतील. आणखी मागे जायचे तर 1939 साली आपल्या वाशीमलाच सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट आहे. त्यात दान घेणाऱ्यांचे गोत्र आहे, नाव आहे, आडनाव नाही.

तेव्हा आडनावाचे बोट धरून मागे गेलो, की दोन-तीन पिढ्यांतच वाट संपते. जुन्या कोतवाल बुकात तर आडनावाचा पत्ताच नसतो. "अमुक वल्द तमुक, कुणबी" एवढेच. वल्द म्हणजे मुलगा. जन्माची नोंद असेल तर बाळाचेही नाव नाही, नुसते "मुलगा". काही पाने मोडीत, ती वाचायला माणूस शोधा! गाव आणि बापाचे नाव या दोन खुणांवरच सारे जुळवावे लागते. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही याच खुणांवर उघडतात. तुम्ही आधी गाव सांगायचे.

शेवटी आम्हांला तारले ते 1951 सालच्या वारसनोंदीने. पणजोबा वारले तेव्हा शेत दोघा मुलांच्या नावे चढले. दोघेही एकाच ओळीत, दोघांपुढे वल्द, आणि आडनाव कुणालाच नाही. तिसरे नाव पणजीचे, त्यापुढे "बेवा", म्हणजे विधवा. नवरा जिवंत असता तर "जौजे" असते. बाबांना केवढा आनंद झाला! मी मात्र त्या कागदाकडे पाहत राहिलो. त्यात आत्याआजी नव्हती. आम्ही प्रतिज्ञापत्रासाठी जी वंशावळ काढली, तिच्यातही नव्हती. ज्या एका माणसामुळे आमचा गुंता सुटला, त्या माणसाला आमच्या वंशात जागाच नव्हती.

माझा एक मित्र म्हणाला, "अरे, मुलगी दुसऱ्या घरची, तिचे नाव तिकडे सापडेल." कुठे सापडेल? तिकडे तिच्यापुढे जौजे लिहून नवऱ्याचे नाव. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर तिचे नवे नाव लिहितात आणि आडनावाबरोबर पहिले नावही जाते. पुरुषाचे आडनाव बदलले तर वल्द तरी उरतो. बाईच्या नोंदीत माहेरच्या बापाचे नावसुद्धा उरत नाही. स्कॉटलंडच्या जुन्या नोंदींत विवाहितेचे माहेरचे आडनाव पुष्कळदा कायम राहत असे. त्यामुळे तिथल्या संशोधकाला आजीच्या माहेरी जाता येते. आपल्याला येत नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचे नाव सक्तीचे केले, ते चांगलेच झाले. पण तेही आईचे सासरचेच नाव असणार ना? आणि कायद्याने वाटा मागणाऱ्या मुलीला आजही आधी सिद्ध करावे लागते की, माहेरची ती आणि सासरची ती एकच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, सरकारी नमुन्यात काय असेल ते असो; घरच्या वंशावळीत मुलींची ओळ आपणच घातली पाहिजे, लग्नाआधीच्या नावासकट. इतिहासाच्या वर्गात प्रत्येकाने आपल्या घरची अशी एक वंशावळ करून आणावी, ही सूचना मी प्राध्यापकांना केलीच आहे. पडताळणीचे प्रमाणपत्र हाती आल्यावर मी वही घेऊन पुन्हा रिसोडला गेलो. "आत्याआजी, तुझं नाव सांग, लिहून घेतो."

ती म्हणाली, "कोनतं?"

मग थोडा वेळ थांबून तिने जे नाव सांगितले, ते बाबांनाही ठाऊक नव्हते.