आजीची वाकळ, आत्याची सही



आजीला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धासाठी माणदेशातल्या आमच्या गावी गेले होते. निघताना आईने आजीच्या हातची शेवटची वाकळ माझ्या पिशवीत कोंबली. त्याच सकाळी भावाने माझ्यापुढे एक कागद ठेवला होता. वडिलांच्या जमिनीतला आणि घरातला हक्क मी राजीखुशीने सोडते, असा तो मजकूर होता. वाकळ घेऊन आले, सही करून आले नाही. तेव्हापासून मनात जे चाललं आहे ते तुमच्यापुढे मांडते, कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

आजी माळकरी होती. पहाटे जात्यावर बसली की जनाईची आठवण काढायची. देव जनीला दळू लागला हे ती अशा थाटात सांगायची, की शेजारच्या घरातली गोष्ट वाटावी. आषाढात फलटणला माउलींच्या पालखीत मिळून पंढरपूरला चालत जायची. वर्षातले तेवढेच दिवस घर तिच्याशिवाय चालायचं. आजोबा गेल्यावर कपाळाचं कुंकू गेलं, पण बुक्का राहिला. तो कुणाला काढू दिला नाही. शिबिरांत आम्ही धर्माची चिकित्सा करतो, करायलाच हवी. पण वारीतल्या त्या पंधरवड्याने आजीला जे दिलं, ते माझ्या भाषणांनी दिलं नसतं, हेही मला मान्य करावं लागतं.

आणि वाकळा. दुपारची भांडीधुणी उरकली की सोप्यात जुनं लुगडं अंथरायची. मधल्या थरात आजोबांची विरलेली धोतरं, आम्हा पोरींचे परकर, झबल्यांचे तुकडे. पायाच्या अंगठ्याने कापड ताणून धरायचं आणि कडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. एका वाकळेला महिना जाई. घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आणि सासरी गेलेल्या प्रत्येक लेकीला तिने वाकळ दिली. एकही विकली नाही. या कामाचा दाम कुणी विचारला नाही, तिनेही नाही.

१९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली. मस्टरवर तिचं नाव होतं. सातबाऱ्यावर मात्र ते कधी टिकलं नाही. आजोबा वारले, वारसांच्या नोंदी झाल्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आजोबांच्या हिश्शात आजीचा आणि माझ्या दोन्ही आत्यांचाही वाटा होता. १९९६ साली, मी शाळेत असताना, सगळे एक दिवस तालुक्याला गेले. संध्याकाळी पुरणपोळी झाली. आत्यांना साडीचोळी मिळाली आणि एकेक नवी वाकळ. मला तो सण वाटला होता. त्या दिवशी आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या आणि आजीने अंगठा उठवला होता, हे मला फार पुढे, समाजकार्याचं शिक्षण घेताना कळलं. आत्यांना तयार केलं होतं आजीनेच. "भावाशी वाकडं घेऊ नका, माहेर तुटंल," असं ती म्हणाली होती.

तिच्यावर मी खूप चिडले. पण तिच्या जागी बसून पाहिलं की दिसतं, तिलाही म्हातारपण त्याच मुलाच्या घरात काढायचं होतं. तिच्यापुढे दुसरा रस्ता कुणी ठेवलाच नव्हता.

पुढे धाकट्या आत्याला नवऱ्याने टाकलं. ती माहेरी आली, तेव्हा तिला पडवीत जागा मिळाली, तीही उपकाराची. रानात राबते, पण खत आणायचं असलं तरी भाच्याला विचारते. शेवटच्या आजारपणात आजी एका रात्री तिच्याकडे बघत मला म्हणाली, "लेकीला पांघराय दिलं गं, अंग टाकाय जागा दिली न्हाई." त्यानंतर या विषयावर ती बोलली नाही. आम्ही दोघी हरिपाठ म्हणत बसलो.

कायदा पुढे आला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित सगळ्या लेकी मुलाच्या बरोबरीला आल्या. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. तरी २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शेती खातेदारांमध्ये बायका सुमारे १४ टक्केच होत्या. कायदा आणि सातबारा यांच्या मधे पुरणपोळी, साडीचोळी आणि माहेर तुटण्याची भीती उभी आहे.

ही भीती खोटी नाही. मी सही केली नाही, तेव्हापासून भाऊ माझ्याशी बोलत नाही. आई म्हणते, कशाला भांडण? तिचाही त्यात वाटा आहे, हे तिला अजून पटत नाही. रक्षाबंधनाला काय होईल, मला माहीत नाही. म्हणून गटातल्या बायकांना "हक्क सोडू नका" असं सांगताना, त्याची किंमत काय आहे तेही सांगायला हवं. आणि ती किंमत मोजणारीच्या पाठीशी आपण उभं राहायला हवं.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या माहेरचा आणि सासरचा सातबारा आणावा, मोठ्याने वाचावा. कुठलाही कागद त्याच दिवशी सही करून देऊ नये, घरी आणून कुणाकडून तरी वाचून घ्यावा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणं फार अवघड असतं. आत्याच्या बाबतीत तो दरवाजा बंद झाला आहे. माझ्या वाट्याला घराचा जो भाग येईल, त्यात तिला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क मी लेखी देणार आहे.

आजीची वाकळ रात्री पांघरते. आईच्या मऊ लुगड्याचा तुकडा तिच्यात आहे, आत्याच्या परकराचाही. आजीवरची माया कमी झालेली नाही. तिने जे द्यायचं राहिलं म्हणून शेवटी बोलून दाखवलं, ते देण्याचं काम आता माझ्याकडे आलं आहे. तुमच्या घरी ते कुणाकडे आलं आहे, आम्हाला जरूर लिहून कळवा.