तासिकेबाहेरचे तास

वेळेच्या नियोजनावर महाविद्यालयांतून जी व्याख्याने होतात, त्यांचा साचा आता ठरून गेला आहे. पहाटे उठावे, कामांचा क्रम लावावा, मोबाइल दूर ठेवावा, दिवसाचे तक्ते करून भिंतीवर लावावेत. हा उपदेश खोटा नाही आणि नवाही नाही. दासबोधाच्या अकराव्या दशकातील तिसऱ्या समासात समर्थांनी दिनचर्येचा असाच वस्तुपाठ घालून दिला आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. या व्याख्यानांत सगळे तास सारख्याच किमतीचे मानले जातात. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र कोणता ग्रंथ कोणत्या प्रकारचा वेळ मागतो, हे आधी कळावे लागते.

प्रथम हिशेब पाहू. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकासाठी अध्ययनाचे ३० तास धरले आहेत. त्यांपैकी साधारण १५ तास वर्गातील अध्यापनाचे. उरलेले १५ विद्यार्थ्याचे स्वतःचे. म्हणजे ४ श्रेयांकांच्या एका अभ्यासपत्रिकेसाठी १५ आठवड्यांच्या सत्रात ६० तास वर्गाबाहेरचे. सत्राचे २२ श्रेयांक धरले, तर आठवड्याला २२ तास. रोजचे तीन तासांहून थोडे अधिक. वर्गातील तासिकांचे वेळापत्रक सूचनाफलकावर लागते. या दुसऱ्या निम्म्या भागाचे वेळापत्रक कुठेच लागत नाही, आणि ग्रंथ वाचला जातो की गाईड, याचा निकाल नेमका तिथेच लागतो.

हे तीन तास नागपुरातल्या विद्यार्थ्याकडे असतात का? उमरेड, काटोल, रामटेकहून रोज एसटीने येणाऱ्याचे तेवढेच तास रस्त्यावर जातात. हिवाळी परीक्षेच्या आधीचे सत्र पोळ्यापासून दिवाळीपर्यंत सणांनी विभागलेले असते. त्यातच सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी येते, आणि शेतकरी घरातल्या मुलामुलींना शेतावर जावे लागते. उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याची दुपार वाचनाच्या कामाची राहत नाही. मुलींच्या सकाळ-संध्याकाळीवर स्वयंपाकघराचा पहिला हक्क असतो. अशा विद्यार्थ्याला 'वेळ वाया घालवू नका' असे सांगणे म्हणजे रिकाम्या खिशाला काटकसर शिकवणे होय.

मग उपाय काय? तो आमच्या विषयातच आहे, असे आम्हांस वाटते. ग्रंथांचे रूपच वेळेची वाटणी सुचवते. लीळाचरित्रातील बहुतेक लीळा आटोपशीर आहेत. बसच्या प्रवासात दोन-तीन लीळा नीट वाचून होतात आणि अर्धवट राहिल्याची रुखरुख उरत नाही. दासबोधाचे २० दशक, २०० समास. रोज दोन समास वाचले तर १०० दिवसांत, म्हणजे एका सत्रात, संपूर्ण ग्रंथ हातावेगळा होतो. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत मात्र 'आठवड्याला एक अध्याय' हा नेम फसवा ठरतो. बाराव्या अध्यायात सुमारे २५० ओव्या, तर अठराव्यात सुमारे १८००. तेथे वाटणी ओव्यांनीच करावी लागते. पारायणाची परंपरा चालवणाऱ्यांना हे आपल्याहून अधिक चांगले ठाऊक होते.

याउलट कादंबरी. नेमाड्यांची १९६३ ची 'कोसला' पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत वाचणाऱ्याला पांडुरंग सांगवीकरचे कथानक कळेल. त्याच्या निवेदनाची लय आणि महाविद्यालयीन वर्षे हातातून निसटत जाण्याचा तो संथ अनुभव मात्र कळणार नाही. तिला तीन-चार सलग बैठका लागतात. कविता पुन्हा वेगळी: वाचायला पाच मिनिटे पुरतात, पण दिवसभर ती मनात घोळवावी लागते.

'ज्याला वाचायचे आहे तो वेळ काढतोच,' असे आमचे काही सहकारी म्हणतात. काढतो, हे खरे. पण त्यासाठी झोप, मजुरी किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास यांपैकी काहीतरी सोडतो. ही किंमत सर्वांना परवडत नाही, आणि परवडत नाही म्हणून कोणी साहित्याला अपात्र ठरत नाही.

म्हणून मराठी विभागांपुढे आम्ही तीन साध्या गोष्टी ठेवतो. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक नेमलेल्या ग्रंथाचे वाचनपत्रक द्यावे: किती बैठका, कोणत्या आठवड्यात, प्रवासात चालेल की सलगच हवे. अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखा सर्व अभ्यासपत्रिकांनी मिळून ठरवाव्यात, म्हणजे पाच प्रकल्प एकाच आठवड्यात येऊन आदळणार नाहीत. आणि आठवड्यातील एक दुपार तासिकांविना, पंख्याखाली, ग्रंथालयात केवळ वाचनासाठी राखून ठेवावी. अध्यापकांनीही तेथे बसून वाचावे. यासाठी नवे अनुदान लागत नाही, नवा शासननिर्णयही लागत नाही.

हे झाले नाही तर काय होईल, तेही स्पष्ट आहे. लांब पल्ल्याचे ग्रंथ अभ्यासक्रमात नावापुरते उरतील, त्यांच्या जागी वीस पानांचे सारांश वाचले जातील, आणि मूळ ग्रंथ पूर्ण न वाचलेली पिढी उद्या तोच ग्रंथ शिकवायला उभी राहील. तिच्या हाती वेळापत्रक असेलही. त्यात मराठी साहित्य मात्र नसेल.