यागोचं स्वप्न ऐका

वेर्दीच्या ‘ओतेल्लो’ या ऑपेरात एखाद्या बॅरिटोनने पहिल्यांदा खलनायक यागो गायला की परीक्षणात कौतुक होतं ते दुसऱ्या अंकातल्या ‘क्रेदो’चं. पितळी वाद्यांचा घणाघात, आपल्याला क्रूर देवानेच घडवलं ही उघड कबुली आणि शेवटी मृत्यूनंतर काहीच नाही असं सांगणारा तुच्छतेचा सूर. थिएटर दणाणतं. तरीही यागोचा कस तिथे लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कस लागतो तो त्याच अंकात पुढे. ऑथेल्लोचा अधिकारी कॅसिओ झोपेत, स्वप्नात काय बरळला, ते यागो ऑथेल्लोला सांगतो. सगळंच रचलेलं. वेर्दीने हा भाग अगदी दबक्या आवाजात लिहिला आहे. वाद्यवृंद जेमतेम श्वास घेतो आणि गायकाला झोपेतल्या माणसाचं पुटपुटणं सुरात आणावं लागतं. इथे आवाज जरासा जरी फुगला, तरी खोटेपणा उघडा पडतो; मग ऑथेल्लो फसला कसा, हे प्रेक्षकाला पटत नाही.

वेर्दीला हे पक्कं ठाऊक होतं. ‘ओतेल्लो’चा पहिला प्रयोग मिलानच्या ला स्कालात ५ फेब्रुवारी १८८७ रोजी झाला, तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. नायक फ्रान्चेस्को तामान्यो, प्रचंड ताकदीच्या आवाजाचा. समोर यागो म्हणून उभा राहिला मार्सेयचा व्हिक्टर मोरेल. केवळ आवाजाच्या जोरावर तो तामान्योला कधीच पुरा पडला नसता. त्याची ताकद शब्दफेकीत आणि अभिनयात होती. ऑपेराला ‘यागो’ हेच नाव द्यावं असा विचार वेर्दी आणि संहिताकार बोइतो यांनी आधी केला होता, यावरून या भूमिकेचं वजन कळतं. मोरेलचा यागो गाजला आणि १८९३ मध्ये ‘फाल्स्टाफ’ची शीर्षक भूमिकाही वेर्दीने त्यालाच दिली.

आजच्या बॅरिटोनांकडे आवाज आहे, तयारी आहे. ऑपेरागृहं मोठी झाली म्हणून सगळेच मोठ्याने गातात, ही तक्रार मात्र मला मान्य नाही. ला स्काला तेव्हाही लहान नव्हतं. दबकं गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं हे कसब आहे, आणि ते शिकता येतं.

मोरेलने उतारवयात या स्वप्नाचं ध्वनिमुद्रण केलं. आवाज थकलेला आहे, पण शब्द न् शब्द जिवंत. पुढच्या नव्या यागोला दाद देण्याआधी ते एकदा जरूर ऐका.