घरखर्चाची वही : बिनव्याजी हप्त्याचा हिशेब

भीमजयंती आटोपली की वस्तीत ऊन आणि लग्नसराई बरोबरच येतात. पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. मग फ्रीजचा, कूलरचा विषय निघतो. दुकानावर पाटी असतेच : 'शून्य टक्के व्याज. आज काही भरू नका, घेऊन जा.'

परवा शेजारच्या एक भगिनी मागच्या उन्हाळ्यात घेतलेल्या फ्रीजचे कागद घेऊन आल्या. "भाऊ, बिनव्याजी म्हणाले होते, मग एवढे पैसे कशाचे कापले?" वही उघडून हिशेब मांडला. किंमत १८,००० रुपये, दरमहा १,५०० चे १२ हप्ते. फाईल चार्ज ६००, त्यावर १८ टक्के जीएसटी १०८. न विचारता जोडलेली वाढीव वॉरंटी १,२००. एकूण १९,९०८ रुपये. तोच फ्रीज रोखीने १६,५०० ला मिळत होता. म्हणजे ३,४०८ रुपये जास्त गेले. त्यात एका महिन्यात खात्यात पैसे कमी पडले, हप्ता परत गेला. बँकेने दंड घेतला, कर्ज देणाऱ्या कंपनीने वेगळा घेतला. तो दंड मुलीच्या अकरावीच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून गेला.

शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. व्याज कुठेतरी लपलेले असते. फाईल चार्जमध्ये, नाहीतर न मिळालेल्या रोख सवलतीत. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारा : रोखीने केवढ्याला? दुसरा : सगळे मिळून किती भरायचे? १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाबरोबर सर्व खर्च आणि खरा वार्षिक दर लिहिलेला कागद, आपल्याला समजेल त्या भाषेत देणे बंधनकारक आहे. तो वाचल्याशिवाय सही करू नका, मोबाईलवर आलेला ओटीपीही सांगू नका.

छोट्या गोष्टीतही जपा. दुकानदार पाण्याच्या बाटलीवर 'थंड करण्याचे' म्हणून छापील किमतीपेक्षा दोन-पाच रुपये जास्त मागतो. किराणा किंवा पानाच्या दुकानात असे घेणे बेकायदा आहे. कूलर घेताना पक्के बिल घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. तिथे निभावले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. बिल मात्र लागते.

तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक उपभोगाला, दोन उद्योगाला आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी. गारवा हवाच, तो चैन नाही. पण तो पहिल्या भागातून घ्यावा, चौथ्यातून नव्हे. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आपण निदान आपल्या रुपयाचा हिशेब लिहू या.

त्या भगिनींनी आता वही घातली आहे. बुद्धपौर्णिमेला विहारात याल तेव्हा आपापली बिले, हप्त्यांचे कागद बरोबर आणा. वंदना झाल्यावर बसून पाहू.

जयभीम!